खंडेनवमीचा उजेड

मित्रांनो, मी ऑपरेशनचा दिवा. जुना झालोय, हे मीच आधी सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही म्हणायला नको. सोलापुरात भवानी पेठेतल्या एका बाळंतिणींच्या दवाखान्यात, जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत मी सध्या पडून आहे. एका बाजूला मोडका स्ट्रेचर, दुसऱ्या बाजूला रॉकेलचे रिकामे डबे, आणि माझ्या घुमटात एका कोळ्याने थाटलेला संसार. वरच्या खोलीत आता नवा दिवा आला आहे. त्याला म्हणे पुष्कळ बल्ब आहेत. असू देत बापडे! मला एकच होता. पण त्या एका बल्बावर मी जे पाहिलं, आणि एकदा तर तो एकही नसताना जे पाहिलं, ते आठवलं की अजून माझा ऊर दडपून जातो.

माझा जन्म मुंबईच्या एका कारखान्यातला. मोठ्या कढईएवढा पत्र्याचा घुमट, आतून आरशाच्या बारीक बारीक पट्ट्या आणि मधोमध बल्ब, असं माझं रूप. कारागिरांनी एकेक पट्टी डोळ्यांत तेल घालून बसवली. गंमत ऐका हं. घरातल्या दिव्याखाली तुम्ही वही धरून वाकलात की तुमच्याच डोक्याची सावली वहीवर पडते, पडते ना? माझ्याखाली ती पडत नाही. बल्बाचा उजेड या पट्ट्यांवर जातो, आणि प्रत्येक पट्टी तो वेगळ्या बाजूने खाली पाठवते. डॉक्टरांच्या डोक्याने एका बाजूचा अडवला तरी बाकीच्या बाजूंचा पोचतोच. माणसाचं पोट म्हणजे खोल विहीर. तिथे सावली पडली तर हात चुकतो, आणि हात चुकला तर जीव जातो. म्हणून माझा तोरा मोठा होता. रेल्वेने सोलापूरला आलो, स्टेशनवरून टांग्यात बसून भवानी पेठेत आलो, तेव्हा लोक वळून वळून बघत होते. मीही मान ताठ ठेवली होती.

त्या दवाखान्याच्या मालकीण डॉक्टर महादेवी. सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत. बोलायला कमी, पण हात असा की टाका घातलेला कळू नये. त्यांच्या मदतीला सुंदरम्मा नर्स. आणि माझी देखभाल करायला गौरम्मा. गौरम्मा त्या खोलीतली आया. फरशी पुसणं, हत्यारं उकळणं, गरम पाण्याच्या रबरी पिशव्या भरणं, सगळं तिच्याकडे. कपाळावर भस्माच्या आडव्या रेघा, तोंडात निम्मी मराठी, निम्मी कानडी, आणि जीव लावण्यात कसर नाही. दिवा लागला की हात जोडायचे, ही तिची रीत. मग तो देव्हाऱ्यातला असो, रस्त्यावरच्या खांबाचा असो, नाहीतर मी असो. बटण दाबलं की "नमस्कार रे अप्पा, सांभाळ," असं मला म्हणायची आणि मग कामाला लागायची. मला सांगायला लाज वाटत नाही, त्या नमस्काराने मी चांगलाच शेफारलो होतो.

माझ्या शेजारी कोपऱ्यात ऊबपेटी होती. एका सुताराने केलेली लाकडी पेटी ती. वरती काच, तळाशी साधे बल्ब, आत थर्मामीटर आणि मऊ गादी. दिवस भरायच्या आत जन्मलेली, ओल्या पाखरासारखी पोरं तिच्यात ठेवत. आईच्या पोटातली ऊब ती बाहेर देत असे. मी तिला चिडवायचो, "अगं, तू म्हणजे कोंबडीच की!" ती म्हणायची, "असू दे. तुझ्याखाली माणसं डोळे मिटतात, माझ्यात उघडतात." तिच्याशी बोलण्यात मी कधी जिंकलो नाही.

आता खरी गोष्ट सांगतो. मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. नवरात्र संपत आलं होतं आणि खंडेनवमी उजाडली. सोलापुरात त्या दिवशी गिरण्या गप्प असतात. माग, कात्री, करवत, टांगा, मोटार, ज्याचं पोट ज्या वस्तूवर चालतं ती वस्तू तो धुतो, पुसतो, हळदकुंकू वाहतो, झेंडूची माळ घालतो आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्यापर्यंत तिला हात लावत नाही. वर्षभर राबली, आज तिनेही बसावं, असा तो मान.

गौरम्माने बाईंकडे हट्ट धरला. "बाई, सगळ्या पेठेत पूजा हाय. आपल्या दिव्यानं काय घोडं मारलंय?"

बाई हसल्या. "करा. पण हत्यारांना काही लावू नका, त्यांच्यापुढे फूल ठेवा नुसतं."

गौरम्मा न्हाऊनमाखून आली. कात्र्या-चिमट्यांच्या ट्रेपुढे एक फूल ठेवलं, ऊबपेटीच्या लाकडाला कुंकवाचं बोट लावलं, आणि स्टुलावर चढून माझ्याकडे आली. न लावलेल्या दिव्याची पूजा कुठे असते का? म्हणून तिने आधी मला लावलं. मग निवांत माझ्या काठाला हळद लावली, कुंकू लावलं, माळ अडकवली, आणि तिची आई म्हणायची ते स्तोत्र कानडीत म्हटलं. मी आपला डौलात जळत होतो आणि तापत होतो. शेवटी तिने तांब्यात झेंडूचं फूल बुडवलं आणि रीतीप्रमाणे माझ्यावर पाणी शिंपडलं.

टच्च!

तापलेल्या बल्बावर गार पाणी पडलं आणि त्याच्या ठिकऱ्या उडाल्या. खोलीत एकदम काळोखी आली. गौरम्मा स्टुलावर तशीच थिजली.

बाई धावत आल्या. "लागलं का कुठे? डोळ्यांत काच गेली का?"

"मला काय न्हाय लागलं," गौरम्मा रडत म्हणाली. "दिवा फुटला की, बाई! पूजंच्या दिवशी माझ्या हातनं दिवा फुटला!"

"अहो, कंदिलाच्या तापल्या काचेला पाणी लागलं तर काय होतं? तेच झालं. उतरा खाली." बाईंनी कपाट उघडलं. जादा बल्ब नव्हता. होता तो मागेच लावून झाला होता, आणि हा साध्या दुकानात मिळणारा बल्ब नव्हे, मुंबईहूनच यायचा. "असू दे. आज-उद्या कुणाचं ऑपरेशन नाही. दसरा झाला की तार करू."

गौरम्माने काच झाडली, फरशी पुसली, पण तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. मी तिच्या डोक्यावर आंधळा लटकत होतो. खरं सांगतो, मला रागच आला होता. वर्षभर नमस्कार आणि एका पूजेत सत्यानाश!

दुपार कलली आणि फाटकाशी एक ट्रक येऊन थांबला. मंगळवेढ्याकडच्या माळावरचा ज्ञानबा मेंढपाळ आपल्या बायकोला, केराबाईला, घोंगड्यात उचलून आत आला. घोंगडं रक्ताने जड झालं होतं.

"पयलं बाळतपण हाय," तो धापा टाकत म्हणाला. "सकाळधरनं रगत जातंय. सुईन म्हनली, माझ्या हातातलं न्हाय. बाई, काय बी करा, पर हिला वाचवा."

बाईंनी तपासलं. त्यांचा चेहरा मी पुष्कळदा वरून पाहिला होता, पण तसा कधीच नाही. पोटात बाळाला पोसणारी वार बाळाच्या आधीच खाली येऊन बसली होती. पोट उघडून बाळ काढल्याशिवाय रक्त थांबणार नव्हतं.

"मोठ्या इस्पितळात न्यायचं का?" सुंदरम्माने विचारलं.

"एवढं रक्त गेलंय, रस्त्यातच जाईल ती. इथेच करायला हवं. आत्ता."

त्यांनी टेबलावरचा दिवा आणवला, दोघींनी तो उंच धरून पाहिला. बाई वाकल्या. त्यांच्या डोक्याची काळी सावली थेट केराबाईच्या पोटावर पडली. इकडून धरला, तिकडून धरला, सावली काही हटेना. गौरम्मा भिंतीला टेकून उभी होती. आपल्या हाताने बल्ब फुटला आणि आता आपल्या डोळ्यांसमोर ही पोर जाणार, एवढं एकच तिला दिसत होतं.

बाई मान वर करून माझ्याकडे बघत राहिल्या. मग खिडकीकडे वळल्या. आमच्या खिडकीच्या खालच्या काचा पांढऱ्या रंगवलेल्या, वरच्या काचा स्वच्छ. बाहेर छज्जा होता, त्यामुळे ऊन आत येत नसे. पण मागच्या अंगणात सोलापूरचं ते ऊन फरशीवर रणरणत पडलं होतं.

"आमचे शिकवणारे डॉक्टर सांगायचे," बाई हळूच म्हणाल्या, "वीज नव्हती तेव्हा ऑपरेशनं उन्हाच्या उजेडातच व्हायची. याच्यातला बल्ब गेलाय, पट्ट्या तर शाबूत आहेत. ऊन या घुमटात पोचवता आलं तर... मोठा आरसा हवा. माणसाएवढा. कुठे मिळेल?"

"मल्लप्पाकडं हाय की!" गौरम्मा ओरडली आणि पदर खोचून पळतच सुटली.

मल्लप्पा हडपदाचं सलून समोरच होतं. तिथे काय झालं ते मला गौरम्माने नंतर पुसता पुसता सांगितलं, आणि एकदा नव्हे, पुष्कळदा. मल्लप्पा न्हाऊन, भस्म लावून बसला होता. वस्तरे, कात्र्या, कंगवे ओळीने मांडलेले आणि मागे तो मोठा आरसा झेंडूच्या माळेत नटलेला.

"मल्लप्पा, आरसा दे!"

"अक्का, डोकं ठिकाणावर हाय का? पूजंला बसलाय त्यो. उद्या सकाळपतोर बोट बी लावायचं न्हाय."

"माझ्या हातनं दिवा फुटला रे. तिकडं एक पोरगी मरायला टेकली हाय. पोट उघडायचं हाय आन् उजेड न्हाय!"

मल्लप्पाच्या बापाच्या वेळेपासून त्या आरशाने खंडेनवमीचा मान कधी चुकवला नव्हता. त्याने एकदा आरशाकडे बघितलं, एकदा गौरम्माच्या तोंडाकडे. मग हात जोडले, चिमूटभर अक्षता आरशावर टाकल्या आणि तो जागेवरून जरासा सरकवला.

"झाली उत्तरपूजा," तो म्हणाला. "धर तिकडनं. अन् सांभाळून, जड हाय लई."

दोघांनी आरसा अंगणात आणला. मल्लप्पा तो तिरपा धरून उन्हाशी झटापट करू लागला. कवडसा कधी भिंतीवर, कधी छज्ज्यावर, कधी शेजारच्या गच्चीवर. तेवढ्यात ज्ञानबा पुढे झाला.

"माझ्याकडं द्या. मी हितं नुसता बसून काय करू?"

त्याने आरसा घेतला, पाय रोवले, आणि हळूहळू वर उचलला. कवडसा भिंतीवरून चढला, काचेतून आत आला, आणि माझ्या घुमटात शिरला.

मित्रांनो, काय सांगू! सूर्य माझ्यात आला. ज्या उन्हाला सगळं गाव बारा महिने शिव्या घालतं, ते ऊन माझ्या पट्ट्यापट्ट्यांत उतरलं आणि खाली केराबाईवर असं पसरलं की सुंदरम्माच्या तोंडून "अगं बाई!" निघून गेलं. आयुष्यभर मी उजेडाचा तोरा मिरवला, पण तो माझा ओंजळभर उजेड या उजेडापुढे किती थिटा होता, ते त्या क्षणी कळलं. मी मनातल्या मनात हात जोडले. मला हात नाहीत, तरी जोडले.

"तिथेच! हलवू नका!" बाईंनी हाक दिली आणि वाकल्या. सावली नव्हती.

केराबाईला कमरेत इंजेक्शन दिलं होतं. अंग बधिर, पण ती जागी होती. तोंडासमोर कापडाचा पडदा धरलेला. बाईंनी भराभर काम केलं आणि बाळ बाहेर काढलं. मुलगी. एवढीशी, निळसर, आणि गप्प. गौरम्माने तिला पुसलं, चोळलं आणि ऊबपेटीत ठेवलं. पेटी तिच्यासाठी आधीच तापवून ठेवली होती. आम्ही सगळे कान लावून राहिलो. मग त्या पेटीतून मांजराच्या पिलासारखा एक आवाज आला, आणि पाठोपाठ दुसरा, चांगला खणखणीत. "ऐकलंस का?" पेटी मला म्हणाली.

पण रक्त थांबत नव्हतं. बाई टाके घालत होत्या आणि बाहेर ऊन उतरत होतं. कंपाउंडच्या भिंतीची सावली अंगणात पुढे पुढे सरकायला लागली. ती ज्ञानबाच्या पायांवर आली, गुडघ्यांवर आली. मल्लप्पाने धावत जाऊन सलूनमधली खुर्ची आणली. ज्ञानबा आरसा घेऊन खुर्चीवर चढला, मल्लप्पाने खुर्चीला मिठी मारली. थोड्या वेळाने ज्ञानबाला आरसा डोक्यावर धरावा लागला. एवढा जड आरसा, सकाळपासून पोटात अन्न नाही, आणि आत बायको. त्याचे दंड थरथरायला लागले, आणि इथे खाली उजेड थरथरायला लागला.

"उजेड हलतोय!" बाई म्हणाल्या. "अजून एक नस राहिलीय. मला दिसत नाही!"

पडद्याआडून केराबाईने बारीक आवाजात विचारलं, "आत्या, उजेड कुनी धरलाय?"

"तुझ्या नवऱ्यानं, पोरी," गौरम्मा म्हणाली.

"त्येनं धरलाय व्हय?" केराबाई म्हणाली. "मग न्हाय हलायचा."

गौरम्मा खिडकीशी धावली आणि काचेला तोंड लावून ओरडली, "ज्ञानबा! ती म्हनतीया, तुमी धरलाय तर उजेड न्हाय हलायचा!"

आणि उजेड थांबला. टेबलावर असा निश्चल राहिला की कारखान्यात मला घट्ट खिळवलं होतं तेव्हा मीही इतका स्थिर नसेन. बाईंना ती नस दिसली. त्यांनी ती बांधली. मग पोटाचा एकेक थर शिवत वर आल्या. ऊन पिवळं झालं, केशरी झालं, आणि शेवटचा टाका पडला तेव्हा माझ्या पट्ट्यांत तांबूस धग तेवढी उरली होती.

"झालं," बाई म्हणाल्या, आणि स्टुलावर बसल्या. "वाचली."

केराबाईने डोळे उघडले. गौरम्मा तिच्या अंगाभोवती गरम पाण्याच्या पिशव्या लावत होती, कारण रक्त गेलेल्या माणसाला हुडहुडी भरते. "आत्या, पोरगी?"

"हाय की! पेटीत हातपाय झाडतीया."

केराबाई जराशी हसली. "मग त्येला म्हनावं, हात खाली घे आता."

गौरम्माने जाऊन सांगितलं. ज्ञानबा ऐकून हसला, रडला, पण हात काही खाली येईनात! कांबीसारखे ताठ झाले होते. आरसा मल्लप्पाने काढून घेतला आणि मग तेल आणून, ज्या हातांनी तो पेठेच्या डोक्यांची मालिश करायचा त्या हातांनी ज्ञानबाचे दंड चोळत बसला. "खंडेनवमीला मी कुनाच्या अंगाला हात लावत न्हाय बरं का, पावनं," तो म्हणत होता, "तुमी पयले."

दुसऱ्या दिवशी गौरम्माने माझ्या काठावरची वाळलेली हळद पुसून काढली. बाई दारात उभ्या होत्या. "पुढच्या वर्षीही पूजा करा," त्या म्हणाल्या. "पण दिवा गार असताना. आणि पाणी नको." गौरम्माने पदराने डोळे टिपले आणि नुसती मान हलवली. त्या दिवसापासून ती रोज कोरडं फडकं घेऊन माझी एकेक पट्टी पुसायची. मला तिने नमस्कार केला तरी मी पुन्हा कधी शेफारलो नाही. खरा उजेड कसा असतो, ते मी पाहिलं होतं.

मित्रांनो, मी अडगळीत पडलो याचं मला वाईट वाटत नाही. म्हातारपण कुणाला चुकलंय? पण तुमच्या गावच्या दवाखान्यात एखादा दिवा असेल, एखादी ऊबपेटी असेल, तर तिला यंत्र म्हणून टाकून बोलू नका. तिला हार घाला, नका घालू, ती मागत नाही. तिच्या काचा पुसलेल्या ठेवा, कपाटात तिच्यासाठी एक जादा बल्ब ठेवा, आणि तापली असेल तर आधी गार होऊ द्या. एवढंसं काम आहे. ते कुणी विसरलं तर आत कुणाची तरी केराबाई वाट बघत पडलेली असते, आणि बाहेर अंगणात तिचा माणूस.